सत्तर

ग्युम्रीच्या हॉलमध्ये जानेवारीत
लोखंड तळव्याला चावतं.
हरांत एक अक्षर न बोलता
माझ्या बारवरच्या दोन चकत्या काढतो.
नव्वदाचे पुन्हा सत्तर.

मी त्रेपन्न वर्षांची, बेकरीतली बाई.
तोनीरच्या तोंडाशी वाकून लवाश थापता थापता
पाठीला खोटं बोलायची सवय लागलेली:
झेपतंय, झेपतंय.
काल नव्वदाखालीही तेच म्हणाली,
आणि रात्री मोजे काढायला
नातवाला हाक मारावी लागली.

"उचललं नाहीस," हरांत म्हणाला होता,
"ओरबाडलंस."

म्हणून सत्तर.
टाचा रोवलेल्या. बार नडगीला घासून.
श्वास पोटात, काठोकाठ घागर धरावी तसा.
मोड कमरेतून, कण्यातून नाही.
पाचवी खेप पहिलीसारखी दिसेपर्यंत
तो नजर हलवत नाही.

मार्चमध्ये एकेक किलोची चकती,
बशीएवढी, दोन्ही बाजूंना.
मला हसू आलं. त्याला नाही.

आज पहाटे पिठाच्या पोत्यापाशी
गुडघे आपणहून वाकले.
पोतं नेहमीचंच, पन्नासाचं.
पाठ काहीच म्हणाली नाही.

मी थोडं थांबले,
मग खात्री करायला
दुसरंही उचललं.