बिस्किटाच्या डब्याचं झाकण

मेरीपोर्टला समुद्र दिसला नाही तरी
गाड्यांच्या पोटात तो असतोच.
हिवाळाभर कौन्सिल रस्त्यांवर मीठ पसरते,
उरलंसुरलं वारा आणून टाकतो.
दोघांनी मिळून थेल्माची गाडी खाल्ली
एकोणतीस वर्षं, घासाघासाने.

वरून बघाल तर काय तोरा!
बुटकी, हिरवी, नाक जमिनीला टेकवून बसलेली.
अंग फायबरग्लासचं, त्याला गंज कसला चढतोय.
खाली मात्र पोलादी नळ्यांचा सांगाडा,
मधे कणा, दोन्ही अंगांना बरगड्या
आणि बरगड्यांच्या टोकांना सीटबेल्टचे बोल्ट,
म्हणजे बसणाऱ्याचा जीव.

हातोडी घेऊन मी खाली सरपटले.
धडधाकट लोखंड टणटणीत बोलतं.
डावी पुढची नळी बोलली.
डावी मागची जरा घोगरी.
उजवीकडे
ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज.
रंग तुकतुकीत, काळाभोर, कुठे ओरखडा नाही.
हाच कावा असतो: पाणी रंगाच्या आत शिरतं
आणि रंगच त्याला आसरा देतो.
स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला.
मुठीपर्यंत गेला.

बॅटरी काढली, टाकी काढली, सीटा काढल्या.
बॉडी उचलायला शेजारच्या चिप्सवाल्याची दोन पोरं आली,
त्यांच्या हातांचा व्हिनेगरचा वास
दिवसभर गॅरेजात राहिला.
कापायच्या आधी मी सांगाड्याला आडव्या पट्ट्या जोडल्या.
कायरन म्हणाला, मग परत कापून काढायच्या? कशाला ही हमाली?
म्हटलं, कणा एवढासा जरी कलला ना,
तर ही जन्मभर एकीकडे बघत
दुसरीकडे धावेल.

मग डांबरी लेप खरवडला.
लेपाखाली लांबी,
लांबीखाली जाळी,
जाळीखाली पत्रा. पातळ, पानासारखा.
पुसला तर त्यावर बर्फ पडत होता.
घोडागाडी होती, कंदील होता,
आणि सोनेरी अक्षरांत अर्धवट 'नाताळ'.
सात रिव्हेट. एकही सरळ नाही.

क्लिफर्ड.
"खालचं सगळं त्याने स्वतः केलंय," थेल्मा शुक्रवारी म्हणाली होती,
"कुणाला हात लावू दिला नाही."
आणि दर उन्हाळ्यात तिला शेजारी बसवून
हार्डनॉटच्या घाटातून नेलं या माणसाने,
बिस्किटाच्या झाकणाच्या भरवशावर!
मेलेल्या माणसाला शिवी देऊ नये.
मी दिली. चांगली ठसठशीत दिली.

नवी नळी बसवली.
एक टाका इथे, एक पार तिकडे,
मधे थांबायचं, निवू द्यायचं.
सलग शिवत गेलं की लोखंड ओढ घेतं
आणि मग माप मुक्कामी राहत नाही.
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फीत लावली, तिरकी, मग उलट तिरकी.
दोन मिलिमीटरचा फरक.
पुन्हा कापलं.

बुधवारी थेल्मा आली, थर्मास घेऊन.
मी काय सांगायचं ते ठरवलं होतं.
"टिकलं" एवढंच म्हणणार होते, ते खोटंही नव्हतं.
पण कायरनने झाकण घासूनपुसून
त्यात वॉशर ठेवले होते, बाकावर, उजेडात.

"अगं बाई," ती म्हणाली,
"हे इथे कसं? किती वर्षं शोधतेय मी.
डबा अजून आहे घरी. वर बशी ठेवते."
तिने वॉशर ओंजळीत घेऊन बाजूला ठेवले,
झाकण खिडकीसमोर धरलं.
सात भोकांतून सात ठिपके तिच्या कोटावर पडले.
तिने ते बघितले. मग गाडीच्या उजव्या बाजूला बघितलं.
मग चहा ओतला, तिघांना,
माझ्यात साखर न विचारता दोन चमचे.

मी वळले, मेणाचा डबा शेगडीवर ठेवला.
नळीत वरून गरम मेण सोडायचं असतं.
ते कुठवर पोचलं ते दिसत नाही.
दुसऱ्या टोकाच्या छिद्रातून पहिला थेंब गळेस्तोवर
खाली बोट धरून थांबायचं.

थांबले.