सूज

इथे त्याला सापो म्हणतात.
नावात साप, अंगात चपळाई मात्र कसली नाही.
पाठभर चामखिळी, डोळ्यांमागे विषाच्या दोन उशा,
आणि हातात धरला की
भिजलेल्या पाकिटासारखा गप्प.

इरासी त्याचा उजवा मागचा पाय ताणते,
बोटांमधलं मांस कॅलिपरच्या चिमटीत घेते,
तीनदा.
दोन पूर्णांक अकरा. दोन पूर्णांक चौदा. दोन पूर्णांक अकरा.
मोठ्याने वाचते, कारण लिहिणारा पोरगा पेंगतोय
आणि रात्रीचे अडीच वाजलेत.
निलगिरीच्या लागवडीमागच्या तळ्यावर
न सापडलेले नर अजून ओरडतायत.

उजव्या पायात तांबड्या घेवड्याचा अर्क,
डाव्यात नुसतं मिठाचं पाणी.
घेवडा तिच्या डब्यातही आहे,
भाताशेजारी, लसूण घालून.
शिजला तर अन्न.
कच्चा असला तर रक्ताला भांडायला उठवणारा.
‘शरीराला खोटंच सांगायचं, चोर आला म्हणून,’
प्रोफेसरबाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं,
‘आणि बघायचं, किती जण काठ्या घेऊन धावतात.’
उद्या याच वेळी पुन्हा मोजायचं.
जेवढी सूज, तेवढे धावले.

पण या मोजण्याला एक भोक आहे.
ओल्या फडक्याच्या पिशवीत तासभर ठेवला
तरी रक्त घाबरतं त्याचं,
आणि घाबरलेलं रक्त
बशीतले जंतू कमी मारतं.
मग आपण मोजतो ते बेडकाचं बळ
की आपल्याच हाताची भीती?
इरासीने विचारलं होतं एकदा.
‘दोन्ही,’ प्रोफेसरबाई म्हणाल्या. ‘रकाने वेगळे ठेव.’

मार्चमध्ये वाल्देसिर सुटून आला,
चार वर्षांनी, एक पिशवी आणि खोकला घेऊन.
मागच्या खोलीत त्याची खाट टाकली, खिडकी उघडी ठेवली.
आरोग्य केंद्रातल्या नर्सने घरातल्या सगळ्यांना रांगेत बसवलं,
कोपराखाली थेंबभर टोचलं,
तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकची पट्टी लावून म्हणाली,
‘तेरा.’
‘लाली नका मोजू,’ इरासी म्हणाली, ‘गाठ मोजा. आडवी.’
नर्सने मान वर केली.
‘कुठे असता कामाला?’
‘बेडकांकडे.’
पुन्हा मोजलं.
तेराच.
म्हणजे आत शिरलंय, पण कोणीतरी दाराशी धरून ठेवलंय.
रोजच्या गोळ्या, महिने सहा.

सत्तावीस नंबरचा पाय दुसऱ्या रात्री जसाच्या तसा.
एक पूर्णांक नव्याण्णव.
काल होता तेवढाच. केसभरही जास्त नाही.
तीनदा मोजला, मग कॅलिपर पुसून चौथ्यांदा.
‘सुई चुकली असेल,’ पोरगा म्हणाला.
सुई चुकली नव्हती.
हाच तो, चार रात्री काठावरच्या पाइपाच्या तोंडाशी बसून
सगळ्यात आधी सुरू करणारा
आणि सगळ्यात शेवटी थांबणारा.
जे काय होतं ते आवाजात घालून बसलेला.
घरात चोर शिरल्याची हाळी गेली,
कोणी उठलंच नाही.

पोरग्याने शून्य लिहिलं.
इरासीने त्याला पाइपाशी नेऊन ठेवलं, जिथून उचललं होता तिथेच.
तो थोडा वेळ नुसता बसला,
घशाची कातडी वरखाली.
ती थांबली नाही ऐकायला.

घरी पोचली तेव्हा वाल्देसिर जागा होता,
स्वयंपाकघराच्या पायरीवर,
शिट्टीत काहीतरी घोळवत, मधेच खोकत.
तिने भांडं गॅसवर ठेवलं.
‘तुमच्या त्या बेडकांचं,’ तो म्हणाला,
‘आतून लढतायत हे कळतं कसं?’
‘सुजतं.’
‘आणि नाही सुजलं तर?’

घेवडा खदखदायला लागला होता.
तिने त्याच्या ताटलीत एक पळी वाढली,
त्याच्या बाहीतून निघालेल्या मनगटाकडे पाहिलं,
आणि अजून एक वाढली.