बदलीचा महिना

महिना संपला की फळ्यावरचा खडू बदलतो.
सेरवा बोआतेन : भूल.
आधी ‘हाडं’ होतं, त्याच्या आधी ‘बाळंतपण’.
स्ट्रेचर ढकलणारा मिन्ता म्हणतो,
“डॉक्टर, तुमच्या चपलांनासुद्धा
या इमारतीचा रस्ता पाठ होईना.”

भूल विभागात पहिले चार दिवस
मी नुसते जबडे धरले.
म्हातारे आम्पोफो सर नळी हाती देईनात.
“हनुवटी उचलायला शीक. बाकीचं यंत्र बघेल.”
करंगळी जबड्याच्या कोपऱ्यात रुतून रुतून
घरी जातानाही वाकडीच राहायची;
ट्रोट्रोत सुटे पैसे देताना
पोऱ्या हसायचा.

बाळंतपणात मान्सा सिस्टरांनी
मला हात पाठीमागे बांधून उभं केलं.
“तुमची जात घाईची. इथे थांबायचं.”
थांबले.
पहाटे साडेतीनला एक डोकं आलं,
मागे गेलं, पुन्हा आलं,
दारातून डोकावून कुणी ठरवावं
आत यावं की नको, तसं.
“आता?”
“अजून नाही.”

लहान मुलांच्या वॉर्डाबद्दल लिहीत नाही.
शिरा केसाएवढ्या,
आणि आया बघत असतात.

मग शस्त्रक्रिया.
खिडकीच्या जाळीत हर्मटानची धूळ,
ओठ फुटलेले सगळ्यांचे.
खाट एकोणीस, कातडी लावायला पुन्हा दाखल.
पट्टी सोडली आणि ओळख पटली,
चेहऱ्याची नाही, जखमेची :
गुडघ्यापासून वर, माशाच्या गळासारखी वळलेली.
ऑक्टोबरात केजेतिया बाजाराकडून आणलेला,
लाकडाच्या ट्रकखालचा.
अकरा मिनिटं माझा होता.
मग लिफ्टचं दार मिटलं
आणि मी पुढच्या खाटेकडे वळले.
आम्ही खालचे लोक विचारत नाही
वर गेलेल्याचं काय झालं.
वेळ नसतो, असं सांगतो.

त्याला बोलायची हौस.
“खाली एक पोरगी होती.
सारखं नाव विचारायची माझं.
तीनदा सांगितलं. बहिरी असावी.”
मी मलमाचं झाकण लावत बसले.
“मग?”
“मग काय, चौथ्यांदा तोंड उघडेना.
पण ती विचारतेय, हे ऐकू येत होतं.
लांबून, विहिरीच्या काठावरून
कुणी बोलावं तसं.”

पट्टी जरा सैल झाली होती.
पुन्हा गुंडाळली.
कागदावर नाव होतंच, तरी विचारलं.
“एन्सिया बाडू,” तो म्हणाला,
आणि माझ्याकडे नीट बघितलं.
मी मान खाली घालून तारीख लिहिली.

एक तारखेला फळ्यावर परत ‘अपघात’.
मिन्ता धावत स्ट्रेचर आत आणतो,
करंगळी मला न विचारता वाकते.
नाव काय तुमचं?
काय?
पुन्हा सांगा.
बहिरी आहे मी,
मोठ्यानं सांगा.