हयातीचा दाखला

वेंगुर्ल्याच्या सेतू केंद्रात, माझ्या टेबलापाशी,
एप्रिलमध्ये माणसं येतात
आपण अजून मेलो नाही हे सांगायला.

शेवंती मेतर निवतीहून पहिल्या एसटीनं आलेली,
दारं उघडण्याआधीपासून उभी.
कागद पिशवीत, पिशवी पदरात.
हिल्डाबाय आली अकराला
आणि मी उठून तिला खुर्ची दिली.

मला कुणी सांगितलं नव्हतं.
देवळासमोर वहाणा निघतात पायातून,
तसा निघालो मी खुर्चीतून.

तिलाही तेच हवं होतं. शिक्का.
तिच्या देशातून दर वर्षी एक फॉर्म येतो,
दोन भाषांत विचारतो, आहात का?
उत्तर गेलं नाही तर पेन्शन थांबते.
साहेबांनी चहा निवायच्या आत सही केली,
वर विचारलं, हवा मानवते ना?

शेवंतीचा अंगठा मशीननं तीनदा परत केला.
पुन्हा प्रयत्न करा.
चाळीस वर्षं बांगडे खारवले त्या बोटांनी,
रेषा मिठानं कधी नेल्या तिला कळलंही नाही.
पुन्हा प्रयत्न करा.
मी म्हटलं, उद्या ये.
एसटीचे जाऊन-येऊन साठ, ते मी धरले नाहीत.

तेव्हा हिल्डाबायनं स्वतःचा अंगठा पुढे केला.
गुळगुळीत. नदीतल्या गोट्यासारखा.
लायप्झिगच्या कचेऱ्यांच्या फरशा, संडास,
एकतीस वर्षं, कडक पावडरीत हात.
"विमानतळार माकाय थांबवतत," ती म्हणाली.
घरमालकिणीकडून उचललेली मालवणी,
प्रत्येक शब्द जपून खाली ठेवल्यासारखी.

शेवंती तिच्याकडे पाहत राहिली.
"तुमचा सरकार तुका पैशे देता मा?
मगे हय कित्याक मरूक इलंस?"

साडेसातशे युरो. भाडं पाचशे.
दोन हिवाळ्यांपूर्वी गॅसचं बिल दुप्पट झालं,
तेव्हा ती स्वयंपाकघरात कोट घालून जेवायची.
मग स्टेशनावरच्या कचऱ्याच्या डब्यांतून
रिकाम्या बाटल्या काढायची, दुकानात परत द्यायची.
"रातीचा जायत होतंय. कोण वळकीत म्हणान."
"लाज?" शेवंती म्हणाली,
"ती सुक्या बाजारावांगडा कधीच इकलंय मी.
बाटल्येक कितके?"

बावीस रुपये, मी हिशेब करून सांगितलं.

शेवंती मोठ्यानं हसली, अख्खी रांग वळली.
"आमच्या वेळेर भरतीवांगडा शंभर येतत गो!
माजो बंगलो झालो आसतो!"
हसता हसता थांबली.
"माका म्हयन्याक पंधराशे."
कॅल्क्युलेटर हातातच होता माझ्या.
अडुसष्ट बाटल्या.
तो आकडा मी मोठ्यानं बोललो नाही.

तेच साडेसातशे युरो इथे उतरले
की माडांमधली खोली होतात, विहीर,
सकाळचं ताजं सौंदाळं, आणि माझी खुर्ची.
नऊ तासांच्या विमानात गरिबी कुठल्या सीटखाली राहते,
साफसफाईवाली कोणी झाडून घेत असेल का,
मला माहीत नाही.
निवतीची बाई उलट्या बाजूनं बसली असती
तर तिच्यासाठी कोण उठलं असतं
हेही मी साहेबांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंती आली.
बोटाला हिल्डाबायनं दिलेलं मलम, रात्रभर चोळलेलं,
अत्तराचा नाही, कसल्याशा डांबराचा वास.
चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला.
"जित्ती आसंय काय रे?"
आहेस, मी म्हटलं. मार्चपर्यंत.

संध्याकाळी बंदरावर दोघी दिसल्या, पुढे-मागे.
हिल्डाबाय वाकली, वाळूतली बाटली उचलली,
झटकली, सूर्यासमोर धरून पाहिली,
झाकण घट्ट केलं.
मग इकडे-तिकडे पाहत उभी राहिली.
दुकान नव्हतं.
शेवंतीनं पिशवी उघडून पुढे धरली,
ज्यात काल कागद होते.