आहे त्या स्थितीत

ओपेल रेकॉर्ड, सन अठ्ठावन्न.
शिरोड्यात, चार चिऱ्यांवर उभी.
दारं दोन, त्यातलं एक उघडतं.
रंग तीन, मूळचा एकही नाही.
विकण्याचं कारण: विचारू नये.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.
अकरा वर्षांत काय केलं ते लिहायला
कागद कमी पडला असता,
काय राहिलं ते लिहायला
धीर.

आसोळण्याच्या दोतोर आपोलिनारची ही.
रात्री-अपरात्री बाळंतिणींकडे जायची.
तो गेल्यावर मागच्या सीटवर
कोंबड्या अंडी घालत.
मी बार्जींची इंजिनं खोलणारा माणूस,
म्हटलं, एवढुशी तर आहे,
दोन पावसाळ्यांत उभी करीन.

पहिल्या पावसाळ्यात इंजिन खोललं.
दुसऱ्यात ते खोललेलंच होतं.
मग खाणी बंद झाल्या, बार्जी जेटीला गंजत बसल्या,
वेळ आला, पैसा गेला.
खाणी सुरू झाल्या,
पैसा आला, वेळ गेला.
दोघं एकदम
माझ्या अंगणात कधी आले नाहीत.

रविवारी केप्याहून एक मुलगा आला.
सर्वेश केंकरे. बँकेत असतो. नखं स्वच्छ.
किती, म्हणाला.
दीड लाख, म्हणालो, आणि लगेच म्हणालो,
पण खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय,
एक चाळीस दे.
त्याने काही विचारलं नव्हतं.
पुढची काच बेळगावहून कापून आणलेली,
पाऊस आत येतो. एक तीस.
गिअरचा दांडा एकदा मीच वाकवला, रागाने,
राग गाडीवर नव्हता. एक पंचवीस.
घड्याळ चालतं. खरंच चालतं.
चार मिनिटं मागे.
त्याचे पैसे धरू नकोस.
दारातून सुलक्षा ओरडली,
"पुरो रे आतां, फुकट दितलो तूं!"

मुलगा हसला नाही.
"काका, थांबा. मला ऐकायचं नाही.
ऐकलं तर मी घेणार नाही."
तेव्हा तो मला आवडला.
आसोळण्याच्या अंगणात, कोंबड्यांच्या गलक्यात,
मीही कान असेच मिटून घेतले होते.

सुटे भाग निडोच्या डब्यांत,
मेहुण्याच्या कुवेतमधल्या वर्षांइतके डबे, एकवीस.
प्रत्येकावर नंबर, वहीत यादी,
सातव्या पानापासून पुढे
वाळवीने वाचलेली.

न्यायच्या दिवशी चाकं बसवली.
अंगणातून फाटकापर्यंत बावीस पावलं:
मी स्टिअरिंगवर, पाचजण ढकलणारे,
आणि शेजारचा इनास उगाचच
तोंडाने हॉर्न वाजवत पुढे.
एवढंच माझं तिच्यातलं ड्रायव्हिंग.
फाटकाशी ब्रेक दाबला.
ब्रेक नव्हता,
तो एकोणीस नंबरच्या डब्यात होता.

चार चिरे राहिले.
एकावर सुलक्षा मासळी कापते.
एकावर मी बसतो.
दोन तसेच.

तीन आठवड्यांनी फोन आला.
"काका, चौदा नंबरात एक स्प्रिंग आहे
आणि पितळेची एक चपटी पट्टी, मधे भोक.
कुठे बसते ही?
दोन रात्री शोधतोय."

वही उघडली नाही.
अंगठा आणि तर्जनी हवेत जवळ आली,
त्यांच्यामध्ये ती पट्टी होती, गुळगुळीत,
एका कडेला किंचित झिजलेली.

"ती गाडीची नव्हे रे.
आईच्या शिवणाच्या मशीनची.
मशीन केव्हाच भंगारात गेली."

पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज.
"मग परत पाठवू?"

"नको," म्हणालो.
"असू दे डब्यात.
पंधरा उघड."