उजेड दिसेल तिथवर

जीप थांबते तिथून अर्धा तास पायी,
मोहाच्या झाडांतून, धडगावचा रस्ता मागे टाकून,
आणि मग जमीन एकदम संपते.
काठ नाही, पायऱ्या नाहीत.
गरम भाकरीच्या मधोमध कुणी बोट घालावं
तसं भोक.
खाली हिरवं, न हलणारं पाणी.
रातकुंड म्हणतात त्याला इथले लोक.

आमच्या शहाद्याकडे खडक म्हणजे काळाच,
विहीर खणायची तर सुरुंग लावून.
हा पांढरा. चुन्याचा.
बोळक्या तोंडानं गूळ चघळावा
तसा पाण्यानं सावकाश संपवलेला.

हिरामण भोई दोर सोडतो.
वीस वर्षं त्यानं विहिरींत पडलेल्या मोटारी काढल्या,
बादल्या, कळश्या, एकदा बैल.
आणखी काय काढलं ते तो सांगत नाही.
साहेब लोक खोली मीटरमध्ये सांगतात,
तो मान डोलावतो आणि मनात परसात मोजतो.
"बारा परस आहे ताई. तुम्ही तिनावर थांबायचं."

मी पतपेढीत पासबुकं छापते.
पोहायला शिकले मागच्या उन्हाळ्यात,
नगरपालिकेच्या तलावात, बायकांच्या वेळेत.
या वयात कशाला, घरून विचारलं गेलं.
याच वयात, म्हटलं.

आधी नुसतं वर तरंगायचं.
तोंडात नळी, डोळ्यांवर काच, रबराचा वास,
आणि स्वतःचा श्वास
एवढ्या मोठ्यानं कधी ऐकला नव्हता मी.
बोटाएवढे मासे माझ्या सावलीत गोळा झाले.
मे महिना, वर चव्वेचाळीस.
मी सरकले की तेही सरकत.
कितीतरी वेळ मी हललेच नाही,
उगाच त्यांना ऊन लागेल म्हणून.

मग पाठीवर टाकी.
"हवेचे तीन वाटे," हिरामणनं बोटं दाखवली.
"एक जायला. एक यायला.
तिसरा कुणाचाच नाही, त्याला हात लावायचा नाही."
माझ्या पगाराला
असा नियम कुणी लावून दिला नाही.

एक परस. कान दुखले, नाक दाबून फुंकलं.
दोन. पाणी गार, अचानक, रेघ ओढल्यासारखं.
तीन परसांवर भिंत आत वळली
आणि डोक्यावर पाण्याऐवजी दगड आला.
त्यानं बॅटरी भिंतीकडे वळवली:
शिंपले. दगडात रुतलेले, शेकडो,
एकावर एक, लग्नघरातल्या ताटल्यांसारखे.
समुद्र! आमच्या जिल्ह्यात!
मी ओरडले, पण त्याचे नुसते बुडबुडे झाले
आणि छताला जाऊन पाऱ्यासारखे चिकटले.

त्यानं खांद्याला हात लावून मला मागे वळवलं.
तोंड दिसत होतं कुंडाचं,
निळसर, तळहाताएवढं.
तो दिसतोय तिथवरच आपली हद्द.
तिथं दोराला गाठ होती.

गाठीपुढे मात्र एक दुसरा दोर होता,
जुना, शेवाळलेला, आत काळोखात गेलेला,
खडकाला बांधलेला.
बांधण्याची तऱ्हा तीच: दोन वेढे, एक उलटा.
मी हिरामणकडे पाहिलं.
तो माझ्या हवेचा काटा पाहत होता,
जरा जास्तच वेळ.

वर आलो. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
मी दोराचं विचारलं नाही, शिंपल्यांचं विचारलं.
तो बुक्कीनं कांदा फोडत म्हणाला,
"समुद्र गया ना ताई. शिंपला राही गया."
आणि पाण्याकडे पाठ करून जेवला.

निघताना त्यानं टाकीची चावी थोडी फिरवली.
तिसरा वाटा, शिल्लक राहिलेला,
फुस्सकन बाहेर आला, गारेगार.
मोहाची वाळकी पानं उडाली.
मी पटकन पुढे झाले
आणि तोंड धरलं त्याच्यासमोर,
संपेपर्यंत.