पुसलेली सालं

चिठ्ठीत एवढंच होतं: उत्तरेकडच्या भिंतीवरची
अकरा, बारा आणि चौदा ही सालं
शनिवारच्या आत काढावीत.
काढावीत. जणू खिळ्याला टांगली होती.

मीच रंगवली होती ती, हातानं, साचा न लावता.
चौदातला चार वाळायच्या आत
अख्खं मर्सर फॉल्स खाली जमलं होतं,
बँडच्या पोरांनी ट्रॉम्बोन माझ्या शिडीला टेकवले होते,
आणि कोच हॅलडेननं मान वर करून विचारलं होतं,
"स्टंबो, पुढच्या वर्षाला जागा ठेवलीस ना?"

ठेवली होती.

आता समिती म्हणते, सामने झाले,
पण आम्ही ते जिंकलो नाही.
मग ग्रीअर स्टेट जिंकलं का?
नाही. ते हरलेलेच.
म्हणजे डिसेंबरातल्या त्या रात्री, गोठलेल्या गवतावर,
एक जण हरला आणि कुणीच जिंकलं नाही.
माझी बहीण म्हणाली, माझ्या घटस्फोटासारखंच की रे.

हे सगळं बाहेर काढलं ओडेसा प्रुइटनं.
तळघरातल्या अभ्यासिकेत ती खेळाडूंना शिकवायची,
मग शिकवायला वेळ पुरेना
म्हणून त्यांच्या नावानं निबंध लिहू लागली.
एका हंगामात एकसष्ट.
तिनंच मोजले, तिनंच जाऊन सांगितले.
रात्री अकरापर्यंत त्या खिडकीत दिवा असायचा,
मी रोज बघायचो, आणि फाटकाला कुलूप लावून घरी जायचो.

गावानं तिची पत्रपेटी दोनदा बॅटनं फोडली.
दुसऱ्यांदा फोडणारा माझा पुतण्या.
मी त्याला काही बोललो नाही.

आणि जेरिको बेल्टन. डाव्या बाजूचा, दरवाजाएवढा.
गुडघ्याच्या ऑपरेशनचा कागद घेऊन माझ्या शेडमध्ये आला,
चष्मा विसरलो म्हणाला.
चष्मा त्याला नव्हताच.
मी वाचून दाखवलं: भूल, धोके,
पुढे काही झाल्यास जबाबदारी कुणाची नाही.
"कुणाचीच?"
त्याच महिन्यात त्याला इतिहासात अ श्रेणी मिळाली होती.
सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं.
आणि शनिवारी त्याच्याशिवाय जिंकलो तेव्हा
घसा बसेपर्यंत ओरडलो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
आमच्या मुठीत तर अंगठ्याही होत्या,
गवत कापणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना वाटलेल्या, काचेच्या खड्याच्या.
माझी खिळ्यांच्या डब्यात आहे.
फेकून द्यायला उठतो, आणि खिळेच निवडत बसतो.

तर रंग. डब्यावर तोच नंबर, तोच किरमिजी,
पण भिंत इतके उन्हाळे खाऊन विटलेली.
नवा हात वाळला तेव्हा जिथे सालं होती
तिथे तीन गडद चौकोन उमटले,
हायवेवरूनही दिसतील असे.
पूर्वी कुणी ती सालं वाचत नव्हतं.
आता गाड्या हळू होतात.
अख्खी भिंत रंगवू का, मी ऑफिसात विचारलं.
बजेट नाही म्हणाले, नव्या कोचचा करार झालाय.

शुक्रवारी प्रोपेनचा ट्रक थांबला.
जेरिको उतरला, उतरताना आधी चांगला पाय.
बराच वेळ वर बघत राहिला.
मला वाटलं, विचारेल इथे काय लिहिलं होतं.
त्यानं मधल्या चौकोनाकडे बोट केलं:
"तो माझा गुडघा."

मग त्यानं माझ्या शिडीचं एक टोक धरलं
आणि आम्ही ती शेडपर्यंत नेली, त्याच्या चालीनं.
मधल्या चौकोनाला अजून एक हात द्यायला हवा होता.
दिला नाही.